हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी

कोल्हापुरात सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट पहिल्या ओळीपाशीच वाचून संपतो. हिमोग्लोबिन किती? साडेआठ. "रक्त कमी हाय म्हणत्यात." एवढं बोलून कागदाची घडी होते, घडी एक्स-रेच्या मोठ्या पिशवीत जाते आणि पिशवी कपाटात साड्यांच्या खाली. त्या ओळीखाली आणखी पंधरा-वीस आकडे असतात. डॉक्टर ते पाहतात, पण बाहेर बाकडी भरलेली असताना प्रत्येक ओळ समजावून सांगणं त्यांना जमत नाही. घरी गेल्यावर तर विचारायलाही कोणी नसतं.

मी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण रोज हे कागद माझ्या हातून बाहेर जातात, आणि ते अर्धवट वाचले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. हिमोग्लोबिन कमी आहे ही फक्त तक्रार झाली. ते कशामुळे कमी आहे याचा माग खालच्या ओळींत असतो. तो माग न काढता वर्षानुवर्षं टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या करणारी माणसं मी पाहते, म्हणून हे लिहायला घेतलं.

सकाळी लॅब उघडायच्या आधीच दारात माणसं असतात. राधानगरी, गगनबावड्याकडची मंडळी पहिल्या एसटीने येतात, तीही बहुतेक उपाशीपोटी. साखर किंवा चरबी तपासायची असेल तर सहसा उपाशी राहावं लागतं. नुसत्या सीबीसीला त्याची गरज नसते. चक्कर येते म्हणून रक्त तपासायला आलेली बाई चहाचा घोटही न घेता दोन तास बसलेली दिसली की जीव कळवळतो. हे सांगण्याची जबाबदारी चिठ्ठी देणाऱ्या प्रत्येकाने घ्यायला हवी.

रक्त जांभळ्या टोपणाच्या छोट्या ट्यूबमध्ये घेतात. तिच्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा खालीवर करावी लागते. ते नीट झालं नाही तर आत बारीक गुठळी होते आणि मशीन खोटे आकडे देतं. तपासणीचा खरेपणा या पहिल्या अर्ध्या मिनिटावर किती अवलंबून असतो हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं.

मग मशीन. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, शिकताना आम्ही न्यूबॉअर चेंबर नावाच्या काचेवर आखलेल्या चौकोनांत पेशी डोळ्यांनी मोजल्या आहेत. हिमोग्लोबिनसाठी साहलीची पद्धत होती: रक्तात आम्ल घालायचं, ते तपकिरी झालं की बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत पाणी घालत जायचं. आजचं मशीन ज्या तत्त्वावर उभं आहे त्याचं पेटंट वॉलेस कोल्टर या अमेरिकन माणसाला १९५३ मध्ये मिळालं. गळीत हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चढतात, तेव्हा किती ट्रॉल्या आल्या हेही कळतं आणि प्रत्येकीत किती माल आहे हेही. कोल्टरने पेशींच्या बाबतीत तेच केलं. मिठाच्या पाण्यात विरळ केलेलं रक्त एका अतिशय बारीक छिद्रातून जातं, छिद्रातून वीजप्रवाह चालू असतो, आणि प्रत्येक पेशी जाताना त्या प्रवाहाला क्षणभर अडवते. अडथळे मोजले की पेशींची संख्या मिळते, अडथळा किती मोठा यावरून पेशीचा आकार मिळतो. खालच्या ओळी रोजच्या कागदावर सहज यायला लागल्या त्या इथून. डोळ्यांनी मोजताना संख्या मिळायची, पण प्रत्येक पेशीचा आकार कोण मोजणार?

आता आमच्या शेजारच्या वहिनींचा कागद घेते. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. वहिनींना जिना चढताना दम लागत होता, केस गळत होते, संध्याकाळी भाकरी थापायला बसल्या की हात भरून यायचे. घरच्यांचं म्हणणं, वय झालं. वय चाळीसच्या आतलं. कागदावर हिमोग्लोबिन ८.२ होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने मोठ्या माणसांत बाईचं १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली आणि गरोदर बाईचं साधारण ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया या रेषेखाली निघाल्या. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास. निम्म्याहून जास्त बायका रेषेखाली असल्या की रेषेखाली असणंच रोजचं वाटायला लागतं. "बाईमाणसाचं रक्त कमीच असतंय की" हे वाक्य मी डॉक्टरांच्या दारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकलं आहे. प्रत्येक वेळी मला त्याचा राग येतो. आठ ग्रॅम हिमोग्लोबिनवर धुणं-भांडी, रानातली भांगलण आणि दोन वेळचा स्वयंपाक करणारं शरीर हृदयाला जादा पळवून ते काम ओढत असतं.

वहिनींच्या पुढच्या ओळी अशा होत्या. आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, ३९ लाख. एमसीव्ही ६६. एमसीएच २१. आरडीडब्ल्यू १९.

एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असावा. वहिनींच्या पेशी लहान निघाल्या. एमसीएच म्हणजे एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन भरलं आहे. ते २७ च्या पुढे असावं. वहिनींचं २१, म्हणजे पेशी फिक्या आहेत. आरडीडब्ल्यू सांगतं की पेशी एकसारख्या आकाराच्या आहेत की लहानमोठ्या. १४-१५ च्या वर गेलं की आकारात तफावत आहे. लहान, फिक्या आणि आकाराने विषम पेशी, शिवाय संख्याही बेताची. हे चित्र बहुधा लोह संपल्याचं असतं. लोह नसेल तर हिमोग्लोबिन बनत नाही, ते भरलं नाही तर पेशी लहान राहते, आणि साठा हळूहळू आटत गेलेला असल्यामुळे जुन्या पेशी बऱ्या आणि नव्या बारीक अशी सरमिसळ होते. तांबडी पेशी जवळजवळ १२० दिवस जगते. म्हणजे रक्ताचा हा एक थेंब गेल्या चार महिन्यांची गोष्ट सांगत असतो.

मी वहिनींना विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का हो?"

त्या दचकल्याच. "व्हय ताई, तांदूळ. निवडायला बसलं की मूठभर जात्यातच. सासूबाई वरडत्यात. पण तुम्हाला कसं कळलं?"

लोह कमी झालेल्या पुष्कळ बायकांना अशी ओढ लागते. कुणी भाजलेली माती खातं, कुणी पाटीवरची पेन्सिल. घरात त्याला वाईट खोड म्हणतात आणि बोलणी बसतात. तो शरीराचा निरोप असतो, हे वहिनींना कोणी सांगितलं नव्हतं.

लोह गेलं कुठे? इथे थोडा हिशेब मांडते, कारण तो कळल्यावर पुष्कळ गोष्टी जागेवर बसतात. मोठ्या माणसाला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं, पण शरीर ते जवळजवळ सगळं जुन्या तांबड्या पेशी मोडून परत वापरतं. अन्नातून आत शोषलं जातं ते दिवसाला फक्त एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं सुमारे एक मिलिग्रॅम त्वचेच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर निघूनही जातं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं. तेवढं परत मिळवायला अन्नाला महिना पुरत नाही, आणि तोवर पुढची पाळी येते. एका गरोदरपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. दोन बाळंतपणं, त्यांत अंतर कमी, पाळी जास्त जाणारी. वहिनींना इतक्या वर्षांत पाळीबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, आणि आपण होऊन सांगावं इतकी ती गोष्ट मोठी आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांनी फेरिटिन तपासायला सांगितलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो जवळजवळ रिकामा निघाला. मग सोनोग्राफी झाली, त्यात गर्भाशयाला गाठ दिसली. ८.२ या एका आकड्यावर टॉनिक दिलं असतं तर गाठ तिथेच राहून महिन्याच्या महिन्याला लोह नेत राहिली असती.

याच्या शेजारी दुसरा एक कागद ठेवते. गडहिंग्लजकडचा तरुण, पोलीस भरतीच्या तयारीला असलेला. हिमोग्लोबिन ११.४. शाळेपासून लोहाच्या गोळ्या खातोय आणि आकडा हलत नाही. एमसीव्ही ६१, म्हणजे पेशी वहिनींच्या पेशींहूनही लहान. पण आरबीसी ६१ लाख! पेशी लहान आहेत आणि संख्येने मात्र भरपूर आहेत. लोहाच्या कमतरतेत कारखान्याला मालच मिळत नाही, म्हणून संख्या घटते. इथे माल आहे, साचा वेगळा आहे. एमसीव्हीला आरबीसीच्या दशलक्षातल्या आकड्याने भागलं आणि उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक दोषाची, वाहकता मनात आणावी, वर आलं तर लोह, असा एक सोपा हिशेब १९७३ मध्ये मेंट्झर या डॉक्टरांनी मांडला. वहिनींचं उत्तर जवळजवळ १७, या मुलाचं १०. ही खूण आहे, निकाल नव्हे. निकाल हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी या तपासणीने लागतो, आणि त्याचा लागलाही: थॅलसेमिया मायनर, म्हणजे तो नुसता वाहक.

मायनर म्हणजे आजार नव्हे. तो मुलगा धावेल, भरती होईल, नातवंडं पाहील. त्याला लोहाच्या गोळ्या, लोह खरंच कमी नसेल तर, नकोत. पण लग्न ठरवताना समोरच्या मुलीची ही तपासणी व्हायलाच हवी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि मेजरच्या मुलाला तान्हेपणापासून दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून गेलेली नाही. एकाच घराण्यात वाहक असण्याची शक्यता जास्त, म्हणून अशा घरांत तर हे पाहिलंच पाहिजे. पत्रिका पाहणाऱ्या प्रत्येक घराने मुलामुलीचा सीबीसी पाहावा असं मला कळकळीने वाटतं. दोनतीनशे रुपयांचं काम आहे.

पेशी मोठ्या होतात तेव्हाची गोष्ट आणखी वेगळी. पंढरीची वारी करणारे, गळ्यात माळ घातलेले एक आजोबा नातवाबरोबर आले होते. हिमोग्लोबिन नऊच्या आत, एमसीव्ही ११२. तळपायाला मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, असं नातू सांगत होता. बी-१२ किंवा फॉलिक आम्ल यांपैकी एखादं जीवनसत्त्व कमी पडलं की पेशीचं विभाजन अडतं, पण ती फुगत राहते, म्हणून आकार मोठा. बी-१२ मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून. माळकऱ्याला दूधच काय ते उरतं, आणि या वयात अन्नातून बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाणही घटतं. इथे एक धोका आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक आम्ल दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, घरचे निर्धास्त होतात, आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. आजोबांना डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली.

फॉलिक आम्लाची कथा तर आपल्याच राज्यातली आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईला आल्या. कापडगिरण्यांतल्या गरीब गरोदर बायका तीव्र रक्तक्षयाने मरत होत्या, आणि त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या होत्या. विल्स यांनी त्या बायकांचं खाणं, राहणं, रक्त सगळं बारकाईने पाहिलं आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बऱ्या होतात हे दाखवलं. १९३१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी तांबडी गोळी मिळते, तिच्यात लोहाबरोबर फॉलिक आम्ल असतं. गिरणीत राबणाऱ्या, नाव न उरलेल्या त्या बायकांच्या रक्तातून ही विद्या आली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ल्यूसी विल्स यांचं नाव असायला हवं.

कधी लोहही कमी आणि बी-१२ ही कमी असतं. एकाने पेशी लहान होतात, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी काढली की एमसीव्ही बरोबर ८८ येतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू बोलतो, कारण सरासरी लपवते ती तफावत तो उघड करतो. मग आम्ही स्लाइड करतो. काचेवर रक्ताचा पातळ थर, त्यावर लिशमनचं रंजक. विल्यम लिशमन हे ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर, भारतात नोकरी केलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तयार केलेलं हे रंजक आम्ही अजून रोज वापरतो. मायक्रोस्कोपखाली निळ्या-जांभळ्या केंद्रांच्या पांढऱ्या पेशी आणि गुलाबी तांबड्या पेशी दिसायला लागल्या की कितीही थकलेली असले तरी मला बरं वाटतं. मशीन कितीही चांगलं असो, शंका आली तर डोळ्यांनी पाहणं सुटत नाही.

पांढऱ्या पेशींबद्दल थोडक्यात. एकूण संख्या ४ ते ११ हजार. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल अशा पाच जातींची टक्केवारी दिलेली असते आणि लोक तीच वाचतात. पण टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष संख्या महत्त्वाची. न्यूट्रोफिल घटल्या तर लिम्फोसाइटची टक्केवारी आपोआप फुगते, लिम्फोसाइट वाढलेल्या नसतातच. न्यूट्रोफिल बहुधा जिवाणूंच्या आजारात वाढतात, पण गरोदरपणात आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही वाढतात. मला जास्त बोलायचं आहे ते इओसिनोफिलबद्दल. ॲलर्जी, दमा आणि जंत यांत त्या वाढतात. भाताच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्या बाईच्या कागदावर इओसिनोफिल वाढलेल्या आणि हिमोग्लोबिन उतरलेलं असं जोडीने दिसलं, तर आकडेकृमीचा विचार करावा लागतो. या जंताची अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते आणि तो आतड्याला चिकटून रक्त पितो. तिथे जंताच्या औषधाशिवाय लोहाची गोळी म्हणजे गळक्या घागरीत पाणी. खालच्या एका ओळीने वरच्या ओळीचं कारण सांगितलं, ते असं.

प्लेटलेटचा आकडा मात्र लोक स्वतःहून वाचतात, तो डेंग्यूमुळे. पावसाळ्यात फोन येतो, "पेशी किती झाल्या?" दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत ठीक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर तापाच्या रुग्णांची आमच्याकडे रीघ लागली होती, आणि प्रत्येक घरात हाच एक प्रश्न. माझं सांगणं असं की डेंग्यूत प्लेटलेटइतकंच, किंबहुना जास्त लक्ष पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिटकडे द्यावं. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे ते हा आकडा सांगतो. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपला की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. तो रोजच्या रोज चढत असेल, पोटात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, तर प्लेटलेट ऐंशी हजार असल्या तरी दवाखाना गाठायला हवा. हे बहुतेक ताप उतरताना होतं. ताप उतरला म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि जपायचे दिवस नेमके तेच असतात. उलट रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा त्या चढवत नाहीत. पपईच्या पानांच्या रसासाठी रात्री गल्लोगल्ली फिरणाऱ्या मुलांची माया मला दिसते. त्यांनी त्याच वेळात आईला घोटघोट पाणी, पेज, ओआरएस पाजावं आणि लघवीचा हिशेब ठेवावा.

आणखी एक. एखाद्या ठणठणीत माणसाच्या प्लेटलेट अचानक चाळीस हजार येतात. काही जणांच्या प्लेटलेट त्या जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्यांचे पुंजके मोजता येत नाहीत. स्लाइडवर पुंजके दिसले की आम्ही निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त पुन्हा घेतो, आणि आकडा जागेवर येतो.

कागदाच्या उजवीकडे जी नॉर्मल मर्यादा छापलेली असते ती निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे ठणठणीत माणसांतही वीसांत एकाचा आकडा बाहेर पडणार, हे ठरवूनच ती रेषा आखली आहे. कागदावर वीस आकडे असले तर एखाद्यापुढे बाण येणं अगदी स्वाभाविक. आकडे एकमेकांत गुंतलेले असल्याने हिशेब तंतोतंत लागत नाही, पण मोनोसाइट एका टक्क्याने जास्त आले म्हणून रात्रभर जागू नये.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. बाण नाही म्हणजे सगळं ठीक असंही नसतं. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं हिमोग्लोबिन १३.२ आलं, एमसीव्ही ८१. दोन्ही मर्यादेत, कागद स्वच्छ. त्यांच्याकडे आधीच्या वर्षीचा रिपोर्ट जपून ठेवलेला होता: १५.१ आणि ९२. दोन ग्रॅम हिमोग्लोबिन कुठे गेलं? पुरुषाला पाळी नाही, बाळंतपण नाही. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह उतरत असेल तर ते पोटातून, आतड्यातून कुठेतरी रक्त झिरपतंय का, हे शोधावंच लागतं. मूळव्याध, जठरातली जखम, आणि कधी आतड्याचा कर्करोगही. काका गुडघ्यांसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होते. दुर्बिणीने पाहिलं, जठरात जखम निघाली. औषधाने भरली. मी फक्त दोन कागद शेजारी ठेवून त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं. जुना रिपोर्ट रद्दीत घालू नका, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठी. छापील मर्यादा लाखो माणसांची असते. स्वतःचा मागचा आकडा एकट्या स्वतःचा असतो.

आता खाण्याचं. बीट तांबडं म्हणून रक्त वाढतं ही समजूत खोल रुजलेली आहे, पण बिटात लोह अगदी थोडं. आपल्या कोल्हापूरच्या गुळात काही लोह आहे, पण साखर न वाढवता पुरेल इतका गूळ कोणी खाऊ शकत नाही. पालेभाज्या, कडधान्यं, नाचणी, हळीव चांगले, पण त्यांतलं लोह शरीर जेमतेम घेतं. सोबत लिंबू, आवळा, पेरू असेल तर जास्त घेतं, आणि जेवणाला लागून चहा झाला तर फार कमी घेतं. जेवण आणि चहा यांत तासा-दीड तासाचं अंतर ठेवणं फुकट जमतं. सर्वांत सहज शोषलं जातं ते मटणातलं, काळजातलं लोह. आणि इथे मला एक गोष्ट बोलायची आहे. आपण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा अभिमान सांगणारी माणसं. रविवारी पातेलं उघडतं तेव्हा पीस पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जातात, आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसलेल्या बाईच्या वाट्याला रस्सा येतो. लोह बहुतेक सगळं पिसांत असतं. जिचं रक्त दर महिन्याला जातं तिच्या ताटात दोन पीस आधी पडावेत, एवढं तरी आपल्या घरांनी करावं.

पण हिमोग्लोबिन आठ असताना नुसत्या खाण्याने ते भरून येत नाही, गोळी लागते. गोळीने शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बायका आठवड्यात सोडून देतात. काळं होणं अपेक्षितच असतं. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते, एक दिवसाआड घेता येते.

वहिनींनी सोडली नाही. पाळीवरचे उपचारही सुरू झाले होते. महिन्याभराने पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन १०.१, एमसीव्ही ७४. आणि आरडीडब्ल्यू १९ वरून २६, जाड अक्षरात, पुढे बाण. त्या कागद घेऊन धावतच आल्या. "ताई, हे तर वाढलंय की वो! बिघडलं न्हवं?" मी त्यांना आत नेऊन मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. जुन्या बारीक, फिक्या पेशी होत्याच, आणि त्यांच्या मधे लोह मिळाल्यावर बनलेल्या नव्या, भरल्या पेशी होत्या. दोन्ही एकत्र असल्यामुळे तफावत वाढली होती, आणि गोळी लागू पडत असेल तर काही आठवडे असंच दिसतं. जुन्या पेशी आपलं आयुष्य संपवून गेल्या की आकडा खाली येतो. त्यांनी बराच वेळ पाहिलं. किती दिवस घ्यायची गोळी, म्हणाल्या. हिमोग्लोबिन बारावर गेल्यानंतरही साठा भरायला आणखी तीनेक महिने, असं त्यांच्या डॉक्टरांनी लिहिलेलंच होतं. मी फक्त ती ओळ दाखवली.

निघताना दारात थांबल्या. "आमची थोरली दहावीला हाय. ती पण तांदूळ खाते, ताई. आणि पाळीला शाळा बुडतीय तिची."

मी म्हटलं, उद्या शाळेच्या आधी घेऊन या. आणि तिला नाश्ता करून आणा, उपाशी आणू नका.